पडद्यावर न आलेली शाळा

मराठी माणसाला जुन्या काळातली मुलांची शाळा डोळ्यांपुढे आणायला सांगितली, की बहुतेकदा दोनच प्रसंग आठवतात. वर्गात शेंगांची टरफले पडली आहेत, मास्तर सगळ्यांना ती उचलायला लावत आहेत आणि एक मुलगा ताठ उभा राहून नकार देतो आहे. दुसऱ्या प्रसंगात तोच मुलगा ‘संत’ हा शब्द तीन तऱ्हांनी लिहितो आणि तिन्ही बरोबर असल्याचे मास्तरांना सांगतो. शाळेतल्या भाषणांच्या स्पर्धांतून, एक ऑगस्टच्या कार्यक्रमांतून हे दोन प्रसंग पिढ्यान्‌पिढ्या आपल्या कानांवर पडत आले आहेत. दोन्हींत मुलगा बरोबर आणि मास्तर चूक. हा मुलगा पुढे स्वतःच मास्तर झाला. 1880 पासून दहा वर्षे त्याने पुण्यात, आधी शाळेत आणि मग कॉलेजात, गणित आणि संस्कृत शिकवले. त्या दहा वर्षांतला एखादा प्रसंग सांगा म्हटले, तर भले भले गप्प होतात.

पुढच्या पानांतले लेख चित्रपटांत आणि मालिकांत दिसणाऱ्या जुन्या काळातल्या शाळांविषयी आहेत. त्यांतल्या बऱ्याच लेखांचा सूर निराशेचा आहे. ही निराशा कुठून येते, हे वाचकाला आधी कळावे म्हणून ही प्रस्तावना थोडी लांबवली आहे. माझे म्हणणे एकच आहे. आपल्याला शाळेत शिकलेल्या थोर माणसाची गोष्ट सांगता येते, शाळेची सांगता येत नाही. आणि पुण्यासारख्या शहरात, जिथे एका शाळेच्या पोटातून दोन वर्तमानपत्रे, एक कॉलेज आणि महाराष्ट्रातले सर्वांत गाजलेले वैचारिक भांडण बाहेर पडले, तिथे ही उणीव फार मोठी आहे.

शाळेवरच्या मालिकांची रीत इंग्रजांनी पाडली. त्यांच्या निवासी शाळा म्हणजे बंद जग असते. आईवडील दूर, मास्तर हाच कायदा, मोठ्या मुलांची दादागिरी, मैदान, प्रार्थनामंदिर, छड्या. टॉमस ह्यूजची ‘टॉम ब्राउन्स स्कूलडेज’ ही कादंबरी 1857 साली आली. रग्बी इथली शाळा आणि 1828 पासून मरेपर्यंत तिचे हेडमास्तर असलेले टॉमस आर्नल्ड यांच्याभोवती ती फिरते. बीबीसीने 1971 मध्ये तिची पाच भागांची मालिका केली. पुढे 2005 मध्ये आयटीव्हीने तिच्यावर दोन तासांचा टीव्हीपट केला आणि त्यात आर्नल्डच्या भूमिकेत स्टीफन फ्राय होते. नट उत्तम, दगडी इमारती खऱ्या, कपडे चोख. पण दोन तासांत फ्लॅशमन या दांडगट मुलाने चालवलेला छळ, मैत्री, हेडमास्तरांच्या सुधारणा आणि शेवटचा न्याय हे सगळे उरकायचे म्हटल्यावर शाळा हे केवळ नेपथ्य उरले. आर्नल्डने शाळा सुधारली हे संवादांतून कळते. कशी सुधारली, वर्गात उभे राहून तो काय बोलत असे, कोणता मुलगा त्याच्यामुळे बदलला आणि कोणता बदलला नाही, हे कळायला जो अवकाश लागतो तो तिथे नाही. शिकणे आणि शिकवणे सोडून शाळेतले बाकी सगळे तिथे आहे.

याच देशात याच्या उलटही घडले आहे. आर. एफ. डेल्डरफील्डच्या कादंबरीवरून अँड्र्यू डेव्हिस यांनी लिहिलेली ‘टू सर्व्ह देम ऑल माय डेज’ ही बीबीसीची तेरा भागांची मालिका 1980-81 ची. वेल्समधल्या खाणकामगाराचा मुलगा पहिल्या महायुद्धाच्या खंदकांतून मनाने खचून परत येतो, डेव्हनमधल्या एका शाळेत इतिहासाचा मास्तर म्हणून रुजू होतो आणि दुसऱ्या महायुद्धापर्यंत तिथेच राहतो. या मालिकेचे बळ मास्तरांच्या खोलीत आहे. कोणाचे कोणाशी पटत नाही, कोणाला हेडमास्तर व्हायचे आहे, युद्धाबद्दल मुलांना काय सांगायचे, यावरून तिथे ठिणग्या उडतात. मुले येतात आणि जातात, मास्तर राहतात आणि म्हातारे होतात. शाळेची गोष्ट सांगायची तर ती मास्तरांच्या बाजूने सांगावी लागते, कारण शाळेत सर्वांत जास्त काळ तेच घालवतात. ही साधी गोष्ट या मालिकेने ओळखली होती.

आता पुण्याकडे येऊ.

1879 चे साल. मे महिन्यात बुधवार वाड्याला आग लागली आणि पेशव्यांचा तो जुना वाडा जळून गेला. जुलैमध्ये वासुदेव बळवंत फडके पकडले गेले. हे फडके 1860 साली पुण्यात वामन प्रभाकर भावे यांच्याबरोबर शाळा काढणाऱ्यांपैकी एक होते आणि आजची महाराष्ट्र एज्युकेशन सोसायटी त्याच शाळेतून वाढली, हे पेरुगेटच्या भावे स्कूलमध्ये शिकलेल्या कित्येकांनाही ठाऊक नसते. त्याच वर्षी विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी सरकारी शाळेतली नोकरी सोडली. डेक्कन कॉलेजातून बाहेर पडलेले टिळक आणि अजून एम.ए.चा अभ्यास करणारे आगरकर त्यांना येऊन मिळाले. माधवराव नामजोशी होतेच. 1880 च्या जानेवारीत बुधवार पेठेतल्या मोरोबादादा फडणीसांच्या वाड्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू झाले. लवकरच वामन शिवराम आपटे आले. संस्कृत शिकणारा माणूस आजही ज्यांचा कोश हाताशी ठेवतो, ते हेच आपटे. जानेवारी 1881 मध्ये ‘मराठा’ आणि ‘केसरी’ निघाले. चिपळूणकर तेव्हा तिशीत नुकतेच आले होते, टिळक आणि आगरकर पंचविशीच्या आतबाहेर.

या माणसांना आपण पुतळ्यांच्या वयात पाहतो आणि पडद्यावरही तशीच आणतो. ‘आपण इतिहास घडवणार आहोत’ अशा थाटाची वाक्ये त्यांच्या तोंडी घातली जातात. माझ्या मते आपल्या ऐतिहासिक मालिकांचा सर्वांत मोठा दोष हाच आहे. पात्रांना आपले भविष्य माहीत असते. 1880 च्या जानेवारीत त्या वाड्यात बसलेल्या कोणालाही काहीच माहीत नव्हते. मुले येतील की नाही, फी जमेल की नाही, मॅट्रिकचा निकाल कसा लागेल, सरकारची मर्जी फिरली तर काय, हे सगळे अंधारात होते. आपल्या हातात जेमतेम दोन वर्षे उरली आहेत हे चिपळूणकरांनाही माहीत नव्हते. मार्च 1882 मध्ये ते गेले, तेव्हा ते बत्तिसाव्या वर्षात होते. ही अनिश्चितता काढून टाकली की नाट्य संपते आणि उरतो तो सत्कारसमारंभ.

पडद्याने या काळाकडे पाहिलेच नाही असे नाही. ओम राऊत यांचा ‘लोकमान्य : एक युगपुरुष’ 2015 मध्ये आला आणि सुबोध भावे यांनी टिळक उभे केले. सबंध आयुष्य एका चित्रपटात बसवायचे असल्याने शाळेच्या वाट्याला थोडे येणार हे समजून घेता येते. डिसेंबर 2022 मध्ये झी मराठीवर ‘लोकमान्य’ ही मालिका सुरू झाली. क्षितीश दाते टिळक आणि स्पृहा जोशी सत्यभामाबाई. मालिकेकडे वेळ भरपूर असतो, म्हणून या वेळी शाळा दिसेल अशी माझी फार आशा होती. नटांनी जीव ओतला, घरातले प्रसंग रंगले, पण शाळा मोठ्या कार्याकडे जाणारी एक पायरी म्हणूनच आली.

याचा सगळा दोष लेखकांवर टाकणे अन्यायाचे होईल. दैनंदिन मालिकेचे अर्थकारण घराभोवती फिरते. संध्याकाळी सात ते दहा या वेळेत टीव्हीसमोर जो प्रेक्षक बसतो असे वाहिन्या धरून चालतात, त्याला स्वयंपाकघर, माजघर, देवघर हवे असते. दर आठवड्याचा टीआरपी त्याचीच मोजदाद करतो. एकोणिसाव्या शतकातल्या मुलांच्या शाळेत बाई दिसत नाही. सासू नाही, सून नाही, लग्न नाही. म्हणून कथा दर दोन भागांनी घरी परतते. 2012 मध्ये आलेली ‘उंच माझा झोका’ यशस्वी झाली, तिचे कारणही यातच सापडते. रमाबाई रानड्यांचे शिक्षण घरातच झाले. नवरा शिकवतो आहे, घरातल्या बायका टोमणे मारत आहेत, पाटी आणि परकर एकाच चौकटीत आहेत. शाळा आणि संसार एकाच छपराखाली असल्याने तिथे शिक्षण हाच घरगुती संघर्ष झाला. छोट्या रमेच्या भूमिकेतल्या तेजश्री वालावलकरने अक्षर गिरवताना जो चेहरा केला होता, तो अजून कित्येकांच्या लक्षात आहे. 2020 मध्ये सोनी मराठीवर ‘सावित्रीजोती’ सुरू झाली आणि वर्ष संपतासंपता बंदही झाली. मुलींची पहिली शाळा ज्या शहरात 1848 साली भिडे वाड्यात भरली, त्या शहरातल्या प्रेक्षकांनीसुद्धा ती मालिका तगवली नाही. हे आपल्याला लागायला हवे.

न्यू इंग्लिश स्कूलच्या गोष्टीत प्रेक्षकाला धरून ठेवणारे काही नाही, असे कोणी म्हणेल तर त्याने 1882 चे एकच वर्ष घेऊन बसावे. मला ते एक वर्ष म्हणजे आयती मालिका वाटते.

कोल्हापूरचे दिवाण माधवराव बर्वे तरुण छत्रपतींना वाईट वागवतात, असा मजकूर ‘केसरी’ आणि ‘मराठा’त आला. त्यासाठी आधार मानलेली पत्रे पुढे खोटी ठरली. अब्रुनुकसानीचा खटला उभा राहिला. खटला चालू असतानाच मार्चमध्ये चिपळूणकर वारले. म्हणजे शाळेचा संस्थापक गेला आणि दोन मास्तर आरोपीच्या पिंजऱ्यात. जुलैमध्ये टिळक आणि आगरकरांना शिक्षा झाली आणि त्यांना मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात नेले. एका खोलीत दोघे. रात्र रात्र त्यांचे वाद चालत. आगरकरांनी नंतर लिहिलेले त्या 101 दिवसांवरचे पुस्तक आजही वाचायला मिळते. त्यात बढाई नाही, खोलीची लांबीरुंदी, अन्न, पहारेकरी आणि मित्राशी झालेल्या गप्पा आहेत. शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’चे ‘विकारविलसित’ हे मराठी रूपही आगरकरांनी याच सुमारास केले.

आणि इकडे पुण्यात शाळा चालूच होती. दोन मास्तर तुरुंगात असताना तास कोणी घेतले असतील? आपट्यांनी, नामजोशींनी, इतरांनी. वर्गातल्या मुलांना ठाऊक होते की गणिताचे मास्तर डोंगरीत आहेत. त्यांच्यापैकी कोणाचा बाप सरकारी नोकरीत असेल, तो घरी काय म्हणाला असेल? नाव काढून दुसऱ्या शाळेत घालतो म्हणाला असेल का? मालिकेच्या लेखकाला याहून मोठी भेट कोणती हवी?

त्याच 101 दिवसांत, सप्टेंबरमध्ये, शिक्षण आयोगाचे अध्यक्ष विल्यम हंटर पुण्यात आले आणि त्यांनी न्यू इंग्लिश स्कूल पाहिले. शाळेची त्यांनी मनापासून तारीफ केली. सरकारी मदतीशिवाय चाललेली, सरकारी शाळांच्या तोडीस तोड असलेली अशी संस्था आपण पाहिली नाही, असा त्यांच्या अभिप्रायाचा आशय होता. शाळेची मुले मॅट्रिकला संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती पुन्हा पुन्हा मिळवत होती. सरकारचा माणूस शाळेची पाठ थोपटतो आहे आणि शाळेचे दोन मास्तर सरकारच्या तुरुंगात आहेत.

याच आयोगापुढे 19 ऑक्टोबर 1882 रोजी पुण्याच्याच जोतीराव फुल्यांनी आपले निवेदन दिले. सरकारचा पैसा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो, शेतकऱ्यांच्या आणि शूद्रातिशूद्रांच्या मुलांपर्यंत प्राथमिक शिक्षण पोहोचत नाही, ते सक्तीचे करा, असे त्यांनी स्पष्ट मांडले. आता या दोन चौकटी शेजारी ठेवून पाहा. हंटर ज्या वर्गातून कौतुकाने फिरले, त्या वर्गात बहुतेक मुले ब्राह्मणांची होती. फुले ज्या मुलांबद्दल बोलत होते, ती त्या वाड्याच्या दरवाजाबाहेर होती. चिपळूणकरांनी ‘निबंधमाले’तून फुल्यांवर जहरी टीका केली होती. आणि तरीही कोल्हापूर प्रकरणात टिळक-आगरकरांना जामीन हवा होता, तेव्हा फुल्यांच्या शब्दावरून रामशेट उरवणे जामीन राहिले. ही गोष्ट मला दर वेळी थांबवते. आपल्या मालिकांत पात्रे एक तर एकमेकांची भक्त असतात, नाहीतर शत्रू. ज्याच्याशी कडाक्याचे मतभेद आहेत त्याच्यासाठी जामीनदार शोधणारा माणूस दाखवायचा, तर लेखकाला त्या माणसाच्या मनात उतरावे लागेल.

शाळेतल्या मुलांकडेही जवळून पाहायला हवे. मालिकेतल्या वर्गात सगळी मुले एकाच मापाची, एकाच कापडाची, नुकती इस्त्री केलेली दिसतात. त्या काळच्या पुण्यात शिकायला आलेला कोकणातला किंवा देशावरचा गरीब मुलगा वार लावून जेवत असे. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी. ज्या दिवशी वार मिळाला नाही त्या दिवशी माधुकरी, नाहीतर उपास. कोणत्या घरी पानावर काय पडते, कोणत्या घरची बाई दुसऱ्यांदा वाढते आणि कोणती वाढत नाही, याचे भूगोलापेक्षा पक्के ज्ञान त्या मुलाला असे. दुपारच्या तासाला तो जांभया का देतो, हे ज्या मास्तरला कळते तो मास्तर आणि ज्याला कळत नाही तो मास्तर, यांतला फरक दाखवायला एक मिनिट पुरते. आगरकर स्वतः अशाच ओढगस्तीतून शिकले होते. कॉलेजात एकच सदरा रात्री धुऊन सकाळी घालावा लागे, अशी त्यांची हकिगत आहे. मोठ्या पगाराच्या नोकरीची आशा धरू नकोस, पोटापुरत्यावर संतोष मानून मी लोकांसाठी काम करणार, अशा अर्थाचे पत्र त्यांनी आईला लिहिले. त्या आईला ते पत्र वाचून काय वाटले असेल, याचा एक प्रसंग लिहायचे धाडस अजून कोणी करायला हवे.

टिळकांच्या तासाविषयी चरित्रांतून एक आठवण येते. ते उदाहरण फळ्यावर पायरी पायरीने मांडत बसत नसत. तोंडाने सोडवत पुढे जात. हुशार मुले खूश, बाकीच्यांच्या हातातली पेन्सिल पाटीवर अडकलेली. उत्तर तर आले, ते कसे आले हे विचारायची हिंमत नाही. पुढे 1885 च्या सुमारास गोपाळ कृष्ण गोखले त्याच शाळेत शिकवू लागले. त्यांची पद्धत अगदी निराळी. कसून तयारी, वाक्यन्‌वाक्य पाठ, काहीही नशिबावर सोडायचे नाही. गोखल्यांनी लिहिलेले अंकगणिताचे पुस्तक पुढे कित्येक पिढ्यांनी वापरले. या दोन माणसांचे राजकारण पुढे कसे वेगळे झाले यावर ग्रंथ लिहिले गेले आहेत. दोघांचे वर्ग एकामागून एक दाखवले, तर त्या राजकारणाचे बीज प्रेक्षकाला भाषणाशिवाय दिसेल. मी जुन्या शाळेच्या मालिकेत जे शोधतो ते हेच. माणूस वर्गात कसा उभा राहतो यावरून तो उद्या सभेत कसा उभा राहील ते कळते.

मग भांडण. 1884 च्या ऑक्टोबरमध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली, 1885 च्या जानेवारीत फर्ग्युसन कॉलेज निघाले, आपटे पहिले प्राचार्य झाले. आजीव सभासदांनी वीस वर्षे मोजक्या पगारावर काम करायचे, दरमहा 75 रुपये, असे ठरले. कागदावर हे सोपे दिसते. पण घरी मुले वाढतात, आजारपणे येतात, आगरकरांचा दमा बळावतो. बाहेरची कामे करून चार पैसे मिळवायचे की नाही? मिळालेली देणगी संस्थेची की व्यक्तीची? पगार वाढवायचा का? टिळक म्हणत, आपण त्यागाची शपथ घेतली आहे, ती पाळा. इतर म्हणत, माणसाने जगायचे कसे? त्यात सामाजिक सुधारणांचा वाद मिसळला. आगरकर ‘केसरी’तून बाहेर पडले आणि 1888 मध्ये त्यांनी ‘सुधारक’ काढला. ऑक्टोबर 1890 मध्ये टिळकांनी सोसायटी सोडली. त्यांची जागा भरून काढायला पुढच्या वर्षी आले धोंडो केशव कर्वे. मुरुडहून परीक्षेसाठी साताऱ्यापर्यंत डोंगरवाटांनी चालत गेलेला आणि वयाने लहान दिसतो म्हणून परत पाठवला गेलेला तोच मुलगा, आता फर्ग्युसनमध्ये गणिताचा प्राध्यापक.

हे भांडण आपण नेहमी विचारांचे भांडण म्हणून शिकवतो. स्वराज्य आधी की सुधारणा आधी. ते तसे होतेच. पण ते एका स्टाफरूममधले भांडणही होते. रोज समोरासमोर बसणाऱ्या, एकाच हंड्यातले पाणी पिणाऱ्या, एकमेकांची मुले ओळखणाऱ्या, तुरुंगाची एकच खोली वाटून घेतलेल्या माणसांचे. सभेच्या टिपणांत रुपये, आणे, ठराव आणि सह्या आहेत. ज्याने कोणत्याही शिक्षणसंस्थेत नोकरी केली आहे त्याला ती टिपणे वाचताना आतून काही हलल्यावाचून राहणार नाही. आगरकर जून 1895 मध्ये गेले, एकोणचाळिसाव्या वर्षीच, आणि त्यांच्यावर ‘केसरी’त लिहिण्याची वेळ टिळकांवर आली.

निवासी शाळेची म्हणजे वसतिगृहाची कथा हवी असेल तर ती पुण्याबाहेर, अमळनेरला सापडते. पुण्याच्या नूतन मराठी विद्यालयातून मॅट्रिक झालेले साने गुरुजी 1924 पासून सहा वर्षे तिथल्या प्रताप हायस्कूलमध्ये होते. छात्रालयाचे काम त्यांच्याकडे होते. मुलांच्या खोल्या झाडणे, अंथरुणे आवरणे, हे ते स्वतः करत आणि त्यांच्यासाठी हाताने लिहून ‘छात्रालय’ दैनिक काढत. इंग्रजी शाळामालिकांत मोठी मुले लहान मुलांकडून बूट पुसून घेतात आणि इथे मास्तर मुलांची अंथरुणे आवरतो. सत्तेचा आणि शिस्तीचा इतका वेगळा विचार मराठी शाळेत झाला, तो चित्रित करायला आपल्याला कोणाची नक्कल करायची गरज नव्हती. आचार्य अत्र्यांच्या ‘श्यामची आई’ला पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक मिळाले. श्याम आपल्याला मुलगा म्हणून मिळाला, मास्तर म्हणून अजून मिळायचा आहे.

जुना काळ पडद्यावर नीट उभा करता येत नाही, असे मात्र कोणी समजू नये. नचिकेत आणि जयू पटवर्धन यांनी 1979 मध्ये ‘22 जून 1897’ केला. चाफेकर बंधूंची ती गोष्ट आवाज न चढवता सांगितली आहे. वाड्यातला उजेड वाड्यातल्यासारखा आहे, माणसे कमी बोलतात, भीती खरी वाटते. सुजय डहाके यांच्या ‘शाळा’ने, मिलिंद बोकीलांच्या कादंबरीवरून, आणीबाणीचा काळ वर्गाच्या बाकांवरून दाखवला. मुलांना दिल्लीत काय चालले आहे ते अर्धवटच कळते आणि म्हणूनच तो काळ प्रेक्षकाला पूर्ण कळतो. या दोन्ही चित्रपटांनी पाळलेले पथ्य एकच आहे. पात्राला त्या दिवशी जितके ठाऊक होते तितकेच त्याच्या तोंडी यावे. न्यू इंग्लिश स्कूलच्या मालिकेला एवढे पथ्य पुरेसे आहे.

एक गोष्ट पुण्यातल्या वाचकासाठी. रमणबाग, नूमवि, भावे स्कूल या मुलांच्या आणि हुजूरपागा, अहिल्यादेवी, रेणुका स्वरूप या मुलींच्या शाळा, अशी पेठांतल्या घरांची वाटणी कित्येक दशके ठरलेली होती. घरात भाऊ एका शाळेत, बहीण दुसऱ्या शाळेत. हुजूरपागा 1884 ची. म्हणजे सोसायटी आणि मुलींचे हायस्कूल एकाच वर्षाचे, आणि मुलींना काय शिकवावे यावरून टिळकांनी त्या हायस्कूलशी दीर्घ वाद घातला. मुलांच्या शाळेची गोष्ट सांगताना भिंतीपलीकडच्या मुलींच्या शाळेला वगळले, तर अर्धे पुणे वगळले जाईल. वाहिन्यांना घरातली बाई हवी असते ना, मग ती इथे आहे. भावाच्या शाळेत गणित कसे शिकवतात हे रात्री कंदिलापाशी विचारणारी बहीण आहे, तिला उत्तर द्यायचे की नाही हे न कळणारा भाऊ आहे आणि दारात उभे राहून ऐकणारी आई आहे.

या पुस्तकातले लेख रागाने लिहिलेले नाहीत. आपल्या शाळांवर, आपल्या मास्तरांवर प्रेम असलेल्या माणसांनी ते लिहिले आहेत, म्हणून त्यांतली निराशा खरी आहे. काही लेखांशी माझे मतभेद आहेत. एका लेखात वेशभूषेच्या चुकांना फार महत्त्व दिले गेले आहे असे मला वाटते. पगडी चुकली तरी चालेल, पगडीखालचा माणूस चुकू नये. पण वाचकाने ते लेख स्वतः वाचून ठरवावे.

जे मालिका लिहितात, दिग्दर्शित करतात किंवा पुढे करणार आहेत, त्यांना माझी विनंती आहे. आगरकरांचे तुरुंगातल्या 101 दिवसांचे पुस्तक, न. चिं. केळकरांनी लिहिलेले टिळकचरित्र, प. म. लिमये यांनी 1935 मध्ये लिहिलेला डेक्कन एज्युकेशन सोसायटीचा इतिहास आणि फुल्यांचे हंटर आयोगापुढचे निवेदन, एवढे चार मजकूर शेजारी ठेवून वाचा. त्यांतून तेरा भाग सहज निघतील, सहाशे भागांची गरज पडणार नाही. पहिला भाग टिळकांपासून सुरू करू नका. वार लावून जेवणाऱ्या, नाव कोणालाच माहीत नसलेल्या एखाद्या मुलापासून करा, आणि त्याला गणिताच्या तासाला बसवा.